अफू आणि आमची ही

नाही, पण अफू? मी म्हणतो, एखाद्यावर आळ घ्यायचाच तर जरा त्या माणसाला शोभेल असा तरी घ्यावा की नाही? बाई हेकट आहे म्हणाला असतात, मीच पुढे होऊन सही केली असती... पण अफू? तुम्हाला सांगतो, जी बाई डोकं ठणकत असताना गोळी तोडून अर्धीच घेते, उरलेली अर्धी कागदात गुंडाळून डब्यात ठेवते, आणि आता त्या डब्यात नुसत्या अर्ध्या गोळ्यांची वस्ती झालीय, त्यातली कुठली तापाची न् कुठली पोटाची हे तिलाही सांगता येत नाही, त्या बाईच्या लघवीत म्हणे अफू निघाली. हे ऐकून मी इकडे भिंत धरून बसलोय, माझी आई तिकडे कपाळाला हात लावून बसलीय... आणि ही? ही शांत.

आता 'ही' कोण ते सांगतो. ही म्हणजे माझी बायको. शाळेची बस चालवते. बस म्हणजे लहानसहान नाही, चांगली लांबलचक, मागचं टोक वळणावरून येईपर्यंत पुढचं टोक शाळेत पोचलेलं असतं, तसली. मी बेकरीत भट्टीवर असतो, मला सायकलसुद्धा एका दमात वळवता येत नाही, आणि ही बाई त्या बसला अशा गल्लीत रिव्हर्स घालते की दोन्ही बाजूंचे लोक खिडकीतल्या कुंड्या आत घेतात आणि एकाही कुंडीला धक्का लागत नाही. मागे पोरं किंचाळतायत, कोणाचा डबा सांडलाय, कोणी कोणाची वेणी ओढलीय, आणि हिचा आवाज तेवढ्यास तेवढा, "सगळे बसल्याशिवाय गाडी हलणार नाही." आणि खरंच हलत नाही हो. शाळेचे मुख्याध्यापक एकदा चढले होते, ते उभे होते, तर गाडी हलली नाही. बसले बिचारे, खिडकीपाशी, दप्तर मांडीवर घेऊन.

तर झालं काय, डेपोत अचानक तपासणी आली. सगळ्या ड्रायव्हरांची. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे, घ्यायलाच पाहिजे तपासणी, हे हीसुद्धा म्हणते, मी नाही म्हणत नाही. कप दिला, कप भरून आणला, त्यात एक पट्टी बुडवायची. आता त्या पट्टीचं शास्त्र ऐका, कारण मला ते कळायला फार वेळ लागला आणि माझ्या आईला अजून कळलेलं नाही. प्रत्येक नशेच्या पदार्थाला एकेक जागा, आणि त्या जागी रेघ उमटली तर माणूस चांगला, रेघ नाही उमटली तर माणूस वाया गेलेला. म्हणजे दिसलं तर काही नाही आणि काही नाही दिसलं तर सापडलं. आता असल्या पट्टीशी सरळ माणसानं बोलायचं कसं?

आणि हिच्या पट्टीवर सगळ्या रेघा आल्या, एक सोडून. अफूची जागा पांढरी फटक.

तिनं कप देतानाच त्या तपासनिसाला सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा. भाऊ, म्हणाली, मला लघवीचं इन्फेक्शन झालंय, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. त्यानं गाणं ऐकायचं कानातलं काढलं, काय म्हणालात विचारलं, तिनं परत सांगितलं, त्यानं हातानंच चालतंय चालतंय केलं आणि कानातलं परत घातलं. संपला विषय. कसलं गाणं ऐकत होता देव जाणे, पण ते संपल्यावर त्यानं पट्टी बघितली आणि हिच्याकडे असं बघितलं की जणू हिच्या पदराखालून अफूचं शेतच बाहेर पडलंय.

मग डेपो मॅनेजर. हा गृहस्थ प्रत्येक वाक्याची सुरुवात 'हे बघा' नं करतो, आणि बघण्यासारखं कधी काही नसतं. त्यानं हिला केबिनमध्ये बोलावलं. हे बघा बाई, माझ्या हातात काही नाही. आता हे म्हणताना त्याच्या हातात हिच्या बसच्या किल्ल्या होत्या. हे बघा, पट्टी खोटं बोलत नाही. हे बघा, तुम्ही घरगुती कारण देऊन राजीनामा द्या, मी कुठं बोलणार नाही, तुमचंही नाव राहील, आमचंही. म्हणजे उपकार करतोय असा आवाज. मी असतो ना तिथं, खोटं कशाला सांगू, मी सही केली असती, वर त्याचे आभार मानले असते आणि घरी येऊन रडलो असतो.

आणि ही? ही शांत. म्हणाली, गाडी नका देऊ आज, ते बरोबर आहे, शंका आहे तर गाडी द्यायचीच नाही. पण राजीनामा मी देणार नाही. त्या कपात जे उरलंय ते माझ्यासमोर सील करा आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा. मॅनेजर म्हणाला पाठवू, कळवू, तुम्ही घरी जा. ही म्हणाली, बसते. आणि बसली. त्या कपासमोर. खुर्ची ओढून. अहो, त्या कपाला कोणी हात लावायचा तर हिच्यावरून जायला पाहिजे. मॅनेजरला जेवायला जायचं होतं, पण हिला केबिनमध्ये एकटी कशी सोडणार, आणि तो कप समोर ठेवून स्वतःचा डबा कसा उघडणार? शेवटी भुकेनं माणूस शरण आला. तपासनिसाला परत बोलावलं, कप सील झाला, सीलवर हिनं सही केली, प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेऊन गेला, तेव्हा ही उठली. मला हे सगळं तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं. हिनं घरी येऊन एवढंच सांगितलं, "आज गाडी नव्हती. अफू निघाली म्हणतायत. तपासायला दिलंय."

मी विचारलं, कोणाची अफू? म्हणाली, माझी. आणि भाजी निवडायला बसली.

माझी आई घरातच असते, तिला ऐकायला कमी येतं पण नको ते नेमकं येतं. सासू-सुनेचं आमच्याकडे काय आहे ते सांगत बसत नाही, दोघी मिळून माझ्यावर लक्ष ठेवतात एवढं समजा. मला वाटलं आता ही म्हातारी काहीतरी बोलून बसणार. ती कपाळावरचा हात काढून म्हणाली, "अफूला सवड लागते रे. हिला कुठाय सवड?" तुम्हाला सांगतो, वकील लावून जे झालं नसतं ते आईनं पलंगावर बसून केलं. मी हिच्याकडे बघितलं. हिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं तेवढं.

पण बाहेर? बाहेर कुठली आई बसलीय सांगायला? संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. कोणी सांगितलं, कसं कळलं, विचारू नका, असल्या बातमीला बस लागत नाही, ती चालतच येते. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, बँकेत आहेत, त्यांची मुलगी हिच्याच बसमधून जाते. रोज जिन्यात भेटले की हसणारे, विचारपूस करणारे. ते वर आले. आत या म्हटलं, आले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, आम्ही मुलगी तुमच्या हवाली केली होती." बास. एवढंच. आणि उतरून गेले. भांडले असते तर मी भांडलो असतो, पण त्या एवढ्याशा वाक्याशी भांडायचं कसं?

आणि ही? ही शांत. पण ते शांत वेगळं होतं हो. ती आत गेली, आणि एक पातेलं घासायला घेतलं, घासलेलंच पातेलं, आणि ते घासतच राहिली. मी मागे उभा. मी फडकं घेतलं आणि ती विसळून ठेवेल ते पुसायला लागलो. आम्ही दोघांनी मिळून ते एकच पातेलं बराच वेळ स्वच्छ केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. मला वाटलं होतं आत सोडणारच नाहीत, काचेपलीकडून कोणीतरी हात हलवेल आणि जा म्हणेल. तर तिथं एक डॉक्टरीणबाई. उंचीनं एवढ्याशा, चष्मा डोक्यावर चढवलेला आणि टेबलावर चष्मा शोधतायत. ही म्हणाली, डोक्यावर आहे. त्या म्हणाल्या, हो का, आणि तिथून त्या दोघींचं जे जमलं ते जमलंच, मी आपला खुर्चीच्या कडेवर.

काय बाई आहे, तुम्हाला सांगतो. मला वाटलं पहिलं विचारणार, खाल्ली का अफू? नाही. त्यांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत काय काय औषध घेतलंत, खोकल्याचं, पोटाचं, झोपेचं, कोणी शेजारणीनं दिलेलं, सगळं सांगा. हिनं पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला, नाव वाचलं, आणि 'हं' म्हणाल्या. असा 'हं' मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्या 'हं' नं मला खुर्चीवर नीट बसवलं.

मग त्यांनी समजावलं. म्हणाल्या, ही पट्टीची तपासणी वाईट नाही, पण ती माणसाला पाठमोरं बघून ओळखते. त्या पट्टीत काही कण बसवलेले असतात, ते अफूच्या अंगाचा एक ठरावीक भाग ओळखतात, सगळं अंग नाही. तसाच भाग दुसऱ्या कशाला असला, तर ते त्यालाही अफूच समजतात. काही अँटिबायोटिकं अशी आहेत, सर्दीची काही औषधं दुसऱ्याच नशेसारखी दिसतात, त्याची यादी मोठी आहे.

आता हे मला चटकन कळलं, कारण मी एकदा बाजारात हिचा निळा स्वेटर मागून बघून खांद्यावर हात ठेवला होता, आणि म्हटलं होतं, चल गं, किती वेळ भाव करतेस... आणि वळली ती भलतीच बाई. आणि तिच्या शेजारी तिचा नवरा. आणि नवऱ्याच्या हातात नारळ. ते जाऊ द्या. सांगायचं काय, की पाठमोरं ओळखण्यात काय धोका असतो ते मला कोणी शिकवायला नको.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे दुसरं मशीन आहे, ते एकेक पदार्थ वेगळा करतं, त्याचं वजन बघतं, तुकडे बघतं, म्हणजे त्याला समोर वळवून तोंड बघतं. ते सांगेल ते खरं. वेळ लागेल. मी लगेच म्हटलं, पण तुम्हाला वाटतंय ना की गोळीमुळेच झालं, मग तसं लिहून द्या की. त्या म्हणाल्या, मला वाटतंय. वाटतंय ते मी लिहीत नाही. तुमच्या बाजूचं असलं तरी लिहीत नाही. मला राग आला हो, पण असा राग की ज्याच्या आत मान झुकते.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, हे इन्फेक्शन पहिल्यांदाच का? ही म्हणाली, नाही, होतं अधूनमधून. का होतं? ही म्हणाली, डेपोत बायकांसाठी बाथरूम नाही. पुरुषांचं आहे, त्याला कडी नाही. म्हणून सकाळी निघाल्यापासून पाणी पीत नाही मी, घरी आल्यावर पिते. उन्हाळ्यात त्रास होतो थोडा.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. आणि माझं... माझं काय थांबलं ते मला सांगता येणार नाही. रोज ही घरी आल्या आल्या तांब्यावर तांब्या पाणी पिते, उभ्या उभ्या, आणि मी रोज म्हणतो, अगं बसून पी, ठसका लागेल. म्हणजे बघा, एका कडीपासून सुरुवात. कडी नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून इन्फेक्शन, इन्फेक्शन म्हणून गोळी, गोळी म्हणून अफू, आणि अफू म्हणून तो बँकवाला दारात उभा राहून आम्हाला हवाली शब्दाचा अर्थ शिकवणार.

तेवढ्यात मॅनेजरचाच फोन आला प्रयोगशाळेत, घाई करत. काय ते एकदा सांगून टाका, हे बघा, आम्हाला कारवाई करायचीय. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "पहिल्या चाचणीवर शंका घ्यायची असते. शिक्षा द्यायची नसते." आणि फोन ठेवला. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण तिथं काचेचं सामान फार.

आता सगळं बरं चाललंय म्हणेपर्यंत निघताना त्या म्हणाल्या, आणि हो, खसखस खाण्यात आली होती का? मी विचारलं, का? म्हणाल्या, खसखस अफूच्याच झाडाची. भरपूर खाल्ली तर त्यातला अंश लघवीत येऊ शकतो, आणि तो खराच असतो, त्यामुळे दुसऱ्या मशीनलाही तो सापडतो. मग सिद्ध करायला फार अवघड जातं.

मी उठलेला परत खुर्चीत बसलो. अहो, मी बेकरीत आहे ना. आमच्याकडचे गोल पाव, वरून खसखस, चांगली दाट, मालक म्हणतो हात आखडू नका. ते उरले की मी रोज घरी आणतो, हिच्या डब्यासाठी. वर्षानुवर्षं. प्रेमानं हो. म्हणजे गोळी निर्दोष आणि मीच? मीच रोज थोडी थोडी अफू डब्यात बांधून दिली? घरी जेवलो नाही. ते निकाल येईपर्यंतचे दिवस मी भट्टीपाशी उभा राहून खसखशीच्या बरणीकडे असा बघायचो की मालकानं विचारलं, काही चोरीला गेलंय का?

शेवटी राहवेना. एका संध्याकाळी हिच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, अगं, ती खसखस... ते पाव... मशीनला सापडलं तर तो माझा गुन्हा, मी स्वतः येतो मॅनेजरकडे, पाव घेऊन येतो. आणि ही? ही शांत. म्हणाली, "अहो, मी ते पाव खातच नाही. दातात अडकते ती खसखस."

मी म्हटलं, मग जातात कुठं? म्हणाली, बसमधल्या मदतनीस मावशींना देते, त्यांना फार आवडतात. मी विचारलं, पहिल्यापासून? म्हणाली, पहिल्यापासून. तुम्ही एवढे हौसेनं आणता, कशाला बोलायचं... तुम्हाला सांगतो, सुटलो म्हणून हसावं की इतकी वर्षं मावशींसाठी पाव वाहिले म्हणून रडावं, मला ठरवता येईना. नशीब मावशींची कोणी तपासणी घेत नाही.

निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी आधी हिला फोन केला, मग डेपोला. अफू नाही. खसखशीचा अंशसुद्धा नाही. गोळीच होती, आणि आता त्यांनी तसं स्वच्छ लिहून दिलं होतं, वाटतंय असं नाही, आहे असं. आई म्हणाली, मी सांगितलंच होतं. मी खाली बसलो. ही फोन ठेवून पाणी प्यायली, आणि या वेळी बसून प्यायली.

डेपोत मी बरोबर गेलो. मॅनेजर उभा राहिला खुर्चीतून. हे बघा बाई, झालं गेलं, पट्टीची चूक झाली, ह्या किल्ल्या. मला वाटलं आता ही किल्ल्या घेईल आणि चालायला लागेल. तिनं किल्ल्या टेबलावरच ठेवल्या. "पट्टीची चूक नाही," म्हणाली. "पट्टीनं शंका घेतली. चोर तुम्ही ठरवलंत." आवाज तेवढ्यास तेवढा, पोरांना बसा म्हणते तसा. आणि मॅनेजर बसला. खरंच बसला.

मग तिनं सांगितलं. उद्या कोणाची रेघ नाही आली तर त्याला गाडी देऊ नका, अजिबात देऊ नका, पण दुसरी तपासणी होईपर्यंत त्याचं नाव बाहेर जाता कामा नये आणि राजीनामा मागायचा नाही. आणि कप घेताना औषधं नीट विचारा, कानातलं काढून. त्यानं मान डोलावली. आणखी काही? आणखी एक, म्हणाली, बायकांचं बाथरूम. तो म्हणाला, त्याचा इथं काय संबंध? आणि तुम्हाला सांगतो, ज्या बाईनं हा विषय माझ्याजवळ कधी काढला नव्हता, तिनं त्या माणसाला कडीपासून अफूपर्यंत सगळं एका दमात सांगितलं, मेकॅनिक, तपासनीस, दोन क्लीनर, सगळे दारात उभे राहून ऐकत होते, आणि मॅनेजर 'हे बघा' म्हणायचंसुद्धा विसरला.

बाथरूम झालं. कडी आतून. पाणी आहे, दिवा आहे, आरसा हिनं स्वतः लावला.

आणि कामावर परतल्यावर पहिल्या दिवशी ती गाडी घेऊन आमच्या इमारतीसमोर आली तेव्हा मी मुद्दाम बेकरीत उशिरा जायचं ठरवून गॅलरीत उभा होतो. खाली तो बँकवाला मुलीचा हात धरून उभा. दार उघडलं, मुलगी पळत आत, तो तिथंच पायरीपाशी, तोंड उघडतोय, मिटतोय. "बाई, मी त्या दिवशी..." म्हणाला. ही म्हणाली, "दप्तर द्या तिचं, तुमच्याच खांद्याला राहिलंय." त्यानं दप्तर दिलं. आणि तिनं ते घेताना अशी मान हलवली, की झालं, मिटलं. मी वरून बघत होतो. मला नसतं जमलं. मी दप्तरही घेतलं नसतं आणि मानही हलवली नसती, चांगलं बोलून घेतलं असतं त्याला.

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं सगळं, मग कुरकुर कसली? अहो, कुरकुर पुढेच आहे. ही गोष्ट इतर डेपोंत गेली. आता रोज संध्याकाळी आमच्याकडे ड्रायव्हर येतात. कोणाच्या हातात खोकल्याची बाटली, कोणाच्या हातात रक्तदाबाच्या गोळ्या. बाई, यानं रेघ जाईल का? ही कुणालाच काही सांगत नाही. मला कळत नाही, म्हणते, डॉक्टरीणबाईंचा नंबर घ्या, आणि कप देण्याआधी सगळी औषधं सांगा, ऐकेपर्यंत सांगा. एवढंच सांगायला किती वेळ लागतो? पण माणूस आला की बसतो, बसला की स्वतःच्या पोटाचं सांगतो, मग बायकोच्या गुडघ्याचं, मग माझी आई तिच्या कानाचं सांगते. माझी खुर्ची गेली, माझा पेपर गेला, चपला ठेवायला दाराबाहेर जागा नाही. आणि चहा कोण करणार?

काल एक नवाच ड्रायव्हर आला. मी स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन बाहेर आलो, तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारतो, तुम्ही इथं कोण?

माझ्याच घरात हो. हिच्याकडे बघितलं, तर ही कोणाचं तरी ऐकत बसलेली.

मी म्हटलं, साखर किती घालू ते सांगा.